त्या मंगळवारची धुण्याची वेळ

मायवोर,

तुझ्या मृत्यूच्या बातमीत त्यांनी 'दीर्घ आजारानंतर' असं छापलं. मी वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन करून तिथल्या पोरीला विचारलं, कुठला आजार? माझी बहीण बटाटे सोलताना हृदय बंद पडून गेली, हातातली सुरी खाली पडायच्या आत गेली. यात दीर्घ काय आहे? ती म्हणाली, मजकूर घरच्यांनी दिलाय. घरचे म्हणजे रास्मुस. तू मेल्यावरसुद्धा तुझ्या नावाला आजार चिकटवल्याशिवाय तुझ्या जावयाला चैन पडत नाही. चर्चमध्ये पाद्री म्हणाला, 'तिनं आयुष्यभर झुंज दिली.' कुणाशी, ते त्यानं सांगितलं नाही. मी सांगितलं असतं. निम्मी आजाराशी आणि निम्मी इथं बसलेल्यांशी. पण तोवर सगळे कॉफीकडे वळले होते, आणि तोंडात केक असलेल्या माणसांना खरं ऐकवलं तर नुसता ठसका लागतो.

म्हणून लिहून ठेवते. तुला सगळं ठाऊकच आहे. एलिकाला ठाऊक नाही, ती मोठी झाली की वाचेल. शिवाय आपलं एक काम राहिलंय.

एवढं लिहून बार्ब्रोनं पेन आपटलं. 'मी, मी' करत लिहायला लागलं की तिचा राग कागद फाडायला उठे, आणि जन्मभर शाळेत दुसऱ्यांची वाक्यं तपासलेल्या बाईला आपलीच वाक्यं तुटलेली बघवत नाहीत. तेव्हा गोष्ट बाहेर उभं राहून सांगितलेली बरी.

स्वीडनमधल्या हेर्नोसांदमध्ये खाडीच्या काठी एका तिमजली इमारतीत दोघी बहिणी राहत. बार्ब्रो तळमजल्यावर, मायवोर सगळ्यात वर. मायवोर शहरबस चालवायची. बायपोलर हा शब्द तिला तरुणपणीच चिकटला. मार्चमध्ये ऊन परतलं की हिचं इंजिन तापे. एका वर्षी तिनं जिन्याच्या भिंती पिवळ्याधमक रंगवल्या, शेजाऱ्यांना न विचारता. दुसऱ्या वर्षी तीन अकॉर्डियन विकत घेतले आणि एकही वाजवता येत नसताना बिशपला फोन करून चर्चमध्ये कार्यक्रम ठरवून टाकला. नोव्हेंबरात अंधार उतरला की हीच बाई भिंतीकडे तोंड करून पडे, आणि बार्ब्रो तिला उठवून न्हाणीघरात नेई, तिचे केस धुई. 'अशा माणसांना काहीतरी दैवी देणगी असते,' असं कुणी म्हटलं की बार्ब्रो विचारे, 'त्या देणगीचे केस धुतलेस कधी?'

मग लिथियमची गोळी सुरू झाली. हात कापायला लागले, कॉफी बशीत सांडायला लागली, बसची नोकरी गेली, पण बाई रुळावर राहिली. मायवोरनं गोळी चुकवली नाही. रक्त तपासायला वेळेवर गेली. लोकांच्या लक्षात मात्र अकॉर्डियनच राहिले.

आता धुणीघराचं. तळघरात अख्ख्या इमारतीचं एकच धुणीघर, आणि त्याच्या दाराशी भिंतीवर एक पाटी. पाटीवर महिन्याच्या तारखा, प्रत्येक तारखेपुढे सकाळ-दुपार-संध्याकाळची भोकं. प्रत्येक घराचं आपलं एक छोटं कुलूप असतं. ज्या भोकात तुमचं कुलूप, ती वेळ तुमची. यंत्रं वापरा, ड्रायरची जाळी साफ करा, फरशी पुसा आणि वेळ संपायच्या आत बाहेर व्हा. शेजाऱ्याची बायको पळवली तर या गावात लोक काही काळानं बोलायला लागतात. धुण्याची वेळ पळवली तर नाही.

मागच्या तारखेत मात्र कुणी कुलूप घालत नाही. गेलेल्या मंगळवारी कपडे कोण धुणार? म्हणूनच इतकी वर्षं कुणाला काही कळलं नव्हतं. एका जानेवारीत मायवोरचा हात कापला आणि कुलूप मागच्या आठवड्याच्या भोकात जाऊन बसलं. तिचं लक्षही गेलं नाही. तिनं चादरी यंत्रात टाकल्या, वर जायला निघाली, तर जिन्यात पुढे एक बाई चाललेली, हातात निळा कप. ती बाई म्हणजे तीच.

"माझी पाठ इतकी वाकलीय, हे मला कुणी सांगितलं कसं नाही?" हे तिनं बार्ब्रोला पहिल्यांदा सांगितलं.

"गोळी घेतलीस?"

"घेतली."

"रक्त?"

"परवाच तपासलं. ठणठणीत आहे."

"मग डॉक्टरला सांग."

"तुला अक्कल आहे का बार्ब्रो? मी काळात मागे गेले होते असं डॉक्टरला सांगू? परत घरी सोडतील मला?"

निळा कप त्यांच्या आईचा होता. मागच्या आठवड्यात तो मायवोरच्या हातून जिन्यातच फुटला होता. आता तोच कप डोळ्यांसमोर बघून तिनं हाक मारली, 'अगं सांभाळ!' आणि पुढची बाई दचकली आणि कप पडला. "म्हणजे तो मीच फोडला," मायवोर म्हणाली. "दोन्हीकडून." त्यानंतर तिनं ठरवून टाकलं, तिकडे जाऊन काही हलवायचं नाही. बार्ब्रोनं ऐकून घेतलं, मान हलवली आणि विश्वास ठेवला नाही. बहिणीवर प्रेम करायला तिचं सगळं खरं मानावं लागत नाही.

मग मार्चचा तो मंगळवार आला. मायवोरची मुलगी तूवा, जावई रास्मुस आणि त्यांची चार वर्षांची एलिका यांचं घर त्याच खाडीच्या काठी, इमारतीपासून चालत जाण्याइतकं जवळ. तूवा कामावर, रास्मुस घरी. त्या दुपारी काय झालं ते गावानं पुढीलप्रमाणे सांगितलं. मायवोरला वसंताचा झटका आला, ती पोरीला घसरगाडीवर बसवून वितळत्या बर्फावर घेऊन गेली, बर्फ फुटला, दोघी भिजल्या, देवाची कृपा म्हणून वाचल्या. हे गावाला कुणी सांगितलं? कुणीच नाही. रास्मुस रुग्णवाहिकेच्या माणसांना एवढंच म्हणाला होता, "ती एलिकाला घेऊन बर्फावर होती. तिला बायपोलर आहे." दोन्ही वाक्यं खरी. दोन खऱ्या वाक्यांच्या मध्ये लोकांनी तिसरं आपलं आपण भरलं, आणि रास्मुसनं ते खोडलं नाही. असल्या सभ्य माणसांपेक्षा सरळ खोटं बोलणारा परवडला. त्याला निदान खोटारडा तरी म्हणता येतं.

इस्पितळात मायवोरला विचारलं, काय झालं? ती म्हणाली, पोर बर्फावर दिसली म्हणून मी गेले. आणखी कुणी होतं तिथं? होती ना, माझी बहीण. होडीघराच्या मागे उभी होती, तपकिरी कोटात, मोठ्या बटणांच्या. माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे यायला निघाली आणि फिरली.

बार्ब्रो त्या दिवशी शेजारच्या शहरात, सुंड्सवालला दाताच्या डॉक्टरकडे होती, आणि तिच्याकडे तपकिरी कोट नाही असं तूवानं सांगितलं. झालं. नसलेली बहीण, नसलेला कोट. डॉक्टर हळुवारपणे म्हणाला, मग बाकीचंही तुला तसंच दिसलं असेल. आणि मायवोरनं मान डोलावली; हे आठवलं की बार्ब्रोच्या तळपायाची आग मस्तकात जाई. जिचं डोकं पूर्वी चार वेळा फसलंय तिला पाचव्यांदा फसवणं किती सोपं असतं!

घरी परतल्यावर तूवाचा फोन आला. "आई, तू बरी हो. पण एलिकाला आता तुझ्याकडे पाठवणार नाही. तुझ्यासोबत कुणी असलं तरी नाही. मला पुन्हा विचारू नकोस."

मायवोरनं विचारलं नाही. ती रडलीही नाही, आणि बार्ब्रोला नेमकी त्याचीच भीती वाटली. मार्च असून ती भिंतीकडे तोंड करून पडली.

महिना संपत आला तशी एका सकाळी ती पायऱ्या उतरून बार्ब्रोच्या दाराशी आली, केस न विंचरता, हातात कुलूप.

"एकदा खाली चल. महिना पालटला की पाटी कोरी होते, मग तो मंगळवार मिळणार नाही."

"मायवोर..."

"मी काय पाहिलं ते मला आता कळत नाही. मी तिला नेलं की मी तिला आणलं? तू बघून ये. तू सांगशील ते मी मानेन. नेलं असेन तर पुन्हा तोंड उघडणार नाही."

बार्ब्रो गेली ती बहिणीचं मन राखायला. दाराशी थंडी म्हणून न बघता हाताला आला तो कोट अंगावर घातला. मंगळवारच्या दुपारचं भोक रिकामं होतं. मायवोरनं कुलूप फिरवलं, बार्ब्रोचे पडदे यंत्रात टाकले आणि म्हणाली, "यंत्र चालू असलं तरच होतं. रिकामटेकड्यांना ही खोली कुठं नेत नाही. मी इथंच बसते. तिकडे मी मला दिसले तर पुन्हा कप फुटेल. घाटावरच्या घड्याळाचे टोल पडायला लागले की धावत ये, पुढच्या वेळेचा माणूस आत शिरला तर आपण तिकडेच राहू. आणि बार्ब्रो, एक काम कर."

"आता काय?"

"तिकडची मी काठावर आले की तिच्याजवळ जा. सांग, मायवोर, तू बरी आहेस. तू बरोबर केलंस. बस. तू सांगितलंस तर ती ऐकेल."

"आणि काही हलवायचं नाही म्हणालीस ते?"

"कपाला मी ओरडले होते. हिला नीट सांग."

बार्ब्रोनं दार उघडलं. सकाळी अंगणात चिखल होता. आता तिथं गुडघाभर बर्फ. तिनं मनातल्या मनात एक शिवी दिली, जी शाळेत तिनं पोरांच्या तोंडून कधी खपवून घेतली नव्हती, आणि उतारावरून खाडीकडे निघाली.

होडीघराच्या मागून सगळं दिसत होतं. तूवाच्या अंगणाचं फाटक सताड उघडं. खिडकीत रास्मुस पाठ करून उभा, कानाला फोन, एका हातानं हवेत काहीतरी समजावत. आणि बर्फावर, काठापासून चांगली दूर, लाल टोपी घातलेली एलिका एकटी चालली होती.

वाटेवरून मायवोर आली. ती ओरडली नाही, धावली नाही. तिनं होडीघराच्या भिंतीवरून खिळ्यांची जोडी काढून गळ्यात घातली, बर्फात पडलंच तर रोवून वर यायला असते ती. बर्फ ठोकायची लोखंडी टोकाची काठी घेतली. घसरगाडी घेतली. दर पावलाला ठोकत, वाकडी वाट धरत गेली, जशी त्यांच्या बापानं दोघींना शिकवली होती. झटका आलेली बाई असं जात नाही. काळसर बर्फापाशी ती पोटावर पडली, काठी पुढे सरकवली, आणि पोरीला म्हणाली, इतकं शांतपणे की काठावर ऐकू आलं, "एलिका, झोप बघू पालथी. आता आपण सील आहोत." पोर हसत पालथी पडली. मायवोरनं तिला ओढून गाडीवर घातलं. मग कडा खचली आणि ती स्वतः कमरेपर्यंत पाण्यात गेली, पण गाडी आधीच मागे लोटली होती. खिळे रोवून एकटी वर आली.

तेव्हा कुठे खिडकीतली पाठ वळली.

काठावर माणसं जमली. रास्मुस धावत आला तो सगळ्यांच्या आधी ओरडला, "काय केलंस तू हे? काय केलंस?" आणि मायवोर, ओलीचिंब, दात वाजणारी मायवोर, आपल्या हातांकडे बघायला लागली. काय केलं बरं आपण? बार्ब्रोनं हा चेहरा ओळखला. तिनं पाऊल पुढे टाकलं. मायवोरनं मान वर केली आणि थेट तिच्याकडे पाहिलं.

त्याच वेळी बार्ब्रोचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. तपकिरी बाही, मोठं बटण. दाताच्या डॉक्टरकडून बाहेर पडल्यावर तिनं सुंड्सवालला हा कोट घेतला होता, आणि पुढच्या गोंधळात खुंटीवर अडकवून विसरून गेली होती. ह्याच मंगळवारी. तूवानं तो पाहिलाच नव्हता.

घाटावर टोल पडायला लागले. रस्त्यावरून तूवाची गाडी आली. बार्ब्रो फिरली आणि धावली.

धुणीघराच्या दाराशी एर्नेल उभा होता, दुसऱ्या मजल्यावरचा, बगलेत टोपली, चेहरा बिटासारखा.

"टोल पडले, आता ही माझी वेळ आहे! पाटीवर बघ, माझं कुलूप आहे!"

"हो. सरक."

"आणि जाळी? जाळी कोण साफ करणार? मी लिहून कळवणार आहे!"

"कळव. चुलीत जा," असं म्हणून ती आत घुसली, दार लावलं, मायवोरनं कुलूप काढलं आणि बाहेरची आदळआपट मध्येच तुटली. अंगणात पुन्हा चिखल. गेले कित्येक दिवस एर्नेल जिन्यात तिला बघून तोंड का फिरवत होता, ते बार्ब्रोला आत्ता कळलं.

"बोल," मायवोर म्हणाली. उपड्या टोपलीवर बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

"तू आणलंस तिला. फाटक उघडं टाकून तो गाढव फोनवर होता. आणि होडीघरामागे मी होते. हा बघ कोट."

मायवोर हसायला लागली आणि हसता हसता तिचं रडणं झालं. मग तिनं विचारलं, "सांगितलंस तिला?"

"टोल पडले."

"बरं. पुढच्या वेळी."

त्याच संध्याकाळी बार्ब्रो तूवाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. कॉफी आली, दालचिनीचे पाव आले. तिनं पावाला हात लावला नाही.

"रास्मुस, त्या मंगळवारी फाटक कुणी उघडं टाकलं?"

"मावशी, पुरे," तूवा म्हणाली. "आईनं तुला काहीतरी सांगितलं असणार."

"तिनं नाही. मी होडीघरामागे होते. डोळ्यांनी पाहिलं."

"तू सुंड्सवालला होतीस!"

"लवकर परतले."

"मग इतके दिवस गप्प का?"

"तू विचारलंस? कुणाला विचारलंस? तुझी आई म्हणाली मी पोरीला आणायला गेले, तेव्हा तू फाटकाकडे एकदा तरी बघितलंस?"

"मावशी, तू आईसाठी खोटं बोलतेयस. मला कळतं, पण..."

"एर्नेलला फोन लाव."

"एर्नेल? त्याचा काय संबंध?"

"लाव म्हणते ना."

तूवानं लावला. बार्ब्रो त्या मंगळवारी गावात होती का, एवढंच विचारलं. पलीकडचं टेबलापलीकडे बसलेल्या बार्ब्रोलाही स्वच्छ ऐकू येत होतं. होती का म्हणजे! तपकिरी कोट घालून माझ्या वेळेत शिरली! मला चुलीत जा म्हणाली, हेडमास्तरीण असून! मी माझ्या किल्लीनं दार उघडलं तर मागच्या दारानं पळालेली, आणि जाळीत कपड्यांचा बोटभर भुसा! मी कळवलंय इमारतीच्या कंपनीला!

तूवानं फोन खाली ठेवला. "तपकिरी कोट," ती म्हणाली. "इस्पितळात आई म्हणत होती." मग ती नवऱ्याकडे वळली.

"मी फोनवर होतो," रास्मुस म्हणाला. "पाचच मिनिटं. मी कधी म्हटलं नाही की तिनं..."

"नाही," बार्ब्रो म्हणाली. "तू काहीच म्हटलं नाहीस. तुझं तेच तर कौतुक आहे."

आजारी बाईच्या शब्दाला या गावात किंमत नव्हती, शहाण्या बाईच्या शब्दालाही नव्हती. धुण्याच्या वेळेच्या भांडणाला होती. यावर हसावं की भिंतीवर कप फोडावा, ते बार्ब्रोला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

त्या रविवारी एलिका आजीकडे आली. पुढेही येत राहिली. मायवोरनं तिला बर्फ ठोकायला शिकवलं, कुठला वाजतो आणि कुठला मुका असतो ते. नोव्हेंबरात आजी भिंतीकडे वळली की पोर शेजारी पडून तिला चित्रांचं पुस्तक दाखवायची. बार्ब्रो केस धुवायची. आजार गेला नाही. तो जातही नाही. रास्मुस फाटकाची कडी लावायला शिकला आणि मायवोरची माफी मागायला नाही.

पण ते काम.

दोघींनी महिना संपायच्या आत पुन्हा जायचं ठरवलं होतं. मायवोर रोज आठवण करी. "ती अजून तिथं उभी आहे, बार्ब्रो. ओल्या कपड्यांत. तिला वाटतंय आपण वेड्या आहोत. आणि जाळीही साफ करून ये, त्या माणसाचं डोकं शांत होईल."

"पण तू म्हणतेस काही हलत नाही. मी बोलले असते तर तुला आठवलं नसतं का?"

"एका कपावरून तू मला नियम सांगतेस?"

हे म्हणणं बार्ब्रोला पटलं. पण एर्नेलची तक्रार पोचली होती, आणि महिना संपायला एक दिवस असताना कंपनीची दोन माणसं स्क्रूड्रायव्हर घेऊन आली. पाटी उतरवून कचऱ्याच्या पेटीत फेकली. जुन्या पद्धतीत वेळांची चोरी होते म्हणाले. आता भिंतीवर काचेचा पडदा आहे आणि फोनवर वेळ घ्यायची.

मायवोरचं छोटं कुलूप बार्ब्रोच्या खणात आहे. अंत्यविधीची कॉफी संपल्यावर ती काळ्या कपड्यांतच तळघरात गेली, तपकिरी कोट अंगावर घालून, बगलेत पडदे घेऊन. काचेवर बोटानं ती मागे मागे गेली, त्या मार्चपर्यंत, त्या मंगळवारपर्यंत, आणि दुपारवर बोट दाबलं. काचेवर अक्षरं आली: ही तारीख निवडता येत नाही. तिनं पुन्हा दाबलं.